शेवाळी रंगाचा तागा

माझं लग्न ठरलं, त्यानंतरच्या एका संध्याकाळी आम्ही घरातले जुने फोटो काढून बसलो होतो आणि लक्षात आलं, की आमच्या घराचा असा फोटोच नाही. दादाच्या लग्नाचे फोटो होते, पण त्यात आमचं निम्मं घोटावडे गाव होतं. माझा पदवी घेतानाचा फोटो होता, त्यात मी एकटी. आमच्या घरात पदवी घेतलेली मीच पहिली, म्हणून आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो मोठा करून दारासमोर लावला होता. आईवडील, भावंडं, वहिनी, दादाची मुलगी, सगळे एका चौकटीत बसलेत असा एकही फोटो नव्हता.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीने तिच्या घरच्यांचे फोटो मुळशी धरणाच्या पाण्याकाठी काढून घेतले होते. सगळे जुळणाऱ्या रंगांच्या कपड्यांत, मागे पाणी आणि डोंगर. ते मी घरी दाखवले. लग्नाआधी आपणही असा एक काढू, असं ठरलं.

मोठी बहीण माल्याला दिलेली आहे. तिला मी फोन करून सांगितलं, तर तिने आधी कोण कोण येणार ते विचारून घेतलं. मग म्हणाली, "मीबी हाय का त्यात?"

"म्हणजे काय? तुझ्याशिवाय कसा काढणार?"

"न्हाई, इचारलं आपलं. माझ्या हितं भिंतीवर समद्यांचे फोटो हायेत. सासऱ्यांचे, दिरांचे, नणंदांच्या पोरांचे. आपल्या घरचा एक न्हाई. सासूबाई म्हनत्यात, तुझ्या म्हायेरच्यांना क्यामेरा चावतो का?"

ती हसली, मीही हसले. पण तिला तो फोटो किती हवा होता, ते तिने नंतर आठवडाभर रोज संध्याकाळी फोन करून कपड्यांची चौकशी केली त्यावरून कळलं. एरवी ती पंधरा दिवसांतून एकदा फोन करते.

फोटो काढणारी मुलगी पुण्याची होती. तिने वहिनीच्या मोबाइलवर सूचना पाठवल्या. चौकटी नकोत, पट्टे नकोत, मोठी फुलं नकोत, छातीवर काही लिहिलेले शर्ट नकोत. सोबत रंगांचे चौकोन होते आणि त्यातल्या एका हिरवट रंगावर तिने बरोबरची खूण केली होती. वहिनीने मोबाइल सगळ्यांमध्ये फिरवला.

"ह्यो तर शेवाळाचा रंग," आई म्हणाली.

"भाताचं रोप पिवळं पडाय लागलं का असं दिसतंय," आण्णा म्हणाले. "युरिया कमी पडला की."

दादाने बघितलं आणि परत दिला. "आमच्या कंपनीत मशीनला ह्योच रंग दिलाय. दिवसभर तेच बघतो मी."

"तुमच्या कुणाच्याच ध्यानात येत नाही," वहिनी म्हणाली. "मागं पाणी निळं, डोंगर काळपट. त्याच्यापुढं हा रंग उठून दिसतो. आणि सगळ्यांनी एकसारखं घालायचं नाही. जुळतं घालायचं."

"एकसारखं म्हंजीच जुळतं," आण्णा म्हणाले.

"नाही ओ मामा. कुणी ह्या रंगाचं, कुणी मोतिया, कुणी फिकट गुलाबी. असं."

"मंग एका घरची मानसं हायेत हे कळायचं कसं?"

यावर वहिनीने माझ्याकडे बघितलं. मला आण्णांचं म्हणणं वहिनीइतकंच बरोबर वाटत होतं, म्हणून मी कुणाचीच बाजू घेतली नाही.

आण्णांच्या म्हणण्याला कारण होतं. त्यांच्या लहानपणी आजोबा दिवाळीला पौडच्या बाजारातून कापडाचा एक अख्खा तागा आणायचे. शिंपी घरी येऊन ओट्यावर बसायचा. त्या एकाच ताग्यातून घरातल्या सगळ्या पोरांचे शर्ट, पोरींचे परकर, बायांची पोलकी निघायची. माहेरी आलेल्या आत्यांना त्यातलाच खण मिळायचा, न शिवलेला. लेकीला शिवलेलं द्यायचं नाही, तिचं शिवणं-टिपणं तिच्या सासरच्या अंगणात, अशी आमच्याकडची रीत. आण्णा हे सगळं रंगून सांगतात. जत्रेत पोरगं हरवलं तर लोक कापडावरून ओळखून घरी आणून सोडायचे, हे ते दर दिवाळीला सांगतात.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच पौडला गेले आणि कापडाचा गठ्ठा मोटरसायकलला बांधून घेऊन आले. मोबाइलवरचा रंग त्यांनी बरोबर लक्षात ठेवला होता. वहिनीला तो रंग बघून आनंद झाला आणि गठ्ठा बघून काळजी वाटली.

"मामा, एवढं?"

"दुकानात हुता तेवढा समदा तागा आनला. दुकानदार म्हनला, ह्यो रंग हितं कोन घेतंय, तुमीच न्या. पुन्यांदा मागवायचा न्हाई म्हनला."

वहिनीने एकदा दादाकडे बघितलं, आणि मग हसून म्हणाली, "ठीक आहे. सगळे शेवाळी."

माझ्या मनात आण्णांबद्दल काय आहे, ते इथे सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं वाचून त्यांच्याबद्दल चुकीचं मत होईल. मी कॉलेजला असताना संध्याकाळची एसटी अंधार पडल्यावर फाट्यावर सोडायची. तीन वर्षं आण्णा फाट्यावर बॅटरी घेऊन उभे असायचे. गावातल्या माणसांनी त्यांना विचारलं, की एवढं शिकवून काय करणार, तर ते म्हणायचे, "ते तिला ठावं." मुलीच्या शिक्षणाबद्दल मी ऐकलेल्या सगळ्या भाषणांपेक्षा मला हे वाक्य जास्त उपयोगी पडलं. तर असे आण्णा. त्यांची घरची माणसं मोजायची एक पद्धत होती, आणि ती त्यांनी कधी तपासून बघितली नव्हती, कारण तशी वेळ आली नव्हती.

पौडला एका चाचांचं शिलाईचं दुकान आहे. आमच्या घरचे कपडे वर्षानुवर्षं तेच शिवतात. आण्णा आम्हाला सगळ्यांना तिथे घेऊन गेले आणि स्वतः पुढे उभं राहून सांगायला लागले. माझा शर्ट, पोराचा शर्ट. सुनेचा ड्रेस, धाकलीचा ड्रेस. हिचं पोलकं. नातीचा फ्रॉक.

"आणि थोरली?" चाचांनी विचारलं. त्यांना आमचं घर पाठ आहे.

"तिला खन काडून ठेवा. चांगला मोठा काडा, आखडता न्हाई."

चाचांनी मान हलवली आणि कापडावर खडू फिरवला. आईने ते ऐकलं, आण्णांकडे एकदा बघितलं आणि नातीच्या फ्रॉकला झालर हवी का नको ते चाचांशी बोलत राहिली.

त्या रविवारी ताई आली. अंगणात पाय ठेवताच तिने विचारलं, "कुटं हाय कापड? बघू तरी." दादाच्या मुलीचा फ्रॉक तेवढा शिवून झाला होता. तो तिने उजेडात धरून बघितला. "गं बया, चांगला हाय की रंग. आनि तुमी म्हनत हुता शेवाळ." मग जेवणं झाली. आण्णांनी आईला हाक मारली आणि म्हणाले, "तिला द्या की आता." त्यांचा चेहरा खुलला होता.

आईने हळदकुंकू लावलं. ताईने ओढणी पुढे धरली. आईने तीत नारळ ठेवला आणि वर शेवाळी कापडाची नीट घडी.

ताईने घडीकडे बघितलं. "मापं कवा घ्यायची माझी?"

"मापं कशाला?" आण्णा म्हणाले. "खन हाय त्यो. मोठा काडाय लावलाय मुद्दाम. तुझी सासूबी म्हनंल, बापानं हात आखडला न्हाई."

"मला खन. आन वहिनीला?"

"तिचा ड्रेस हाय."

"आन हिला?" तिने माझ्याकडे बोट केलं.

"तिचाबी ड्रेस. ती अजून हितलीच हाय की."

"अजून," ताई म्हणाली. ओढणीतला नारळ तिने उचलून बाजूला पिशवीत टाकला. घडी उचलून आईच्या हातात दिली. "नारळ नेते. पोरं खोबरं खात्यात. हे ठेवा हितंच."

ओटीत घातलेलं परत करत नाहीत. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात थांबली. आण्णांना काय झालं ते खरोखर कळलं नव्हतं.

"खन देनं म्हंजी काय कमीपना हाय व्हय? लेकीचा मान हाय त्यो."

"मान पावण्यांना देत्यात, आण्णा. मी फोटोत यायला आली हुती. पावणी म्हनून यायचं असंल, तर तुमचा फोटो झाल्यावर जेवायला बोलवा. येते की. पावण्यांना काय, पत्रावळ मांडली की झालं."

"आगं, तू फोटोत असनारच हाय. खन शिव, नेस तुझी चांगली साडी—"

"समदी शेवाळी आन मी जांभळी. मंग माझ्या सासूबाई म्हनतील, ही बाजूला कोन, पावणी व्हय?" ती चप्पल घालायला लागली. तिचा आवाज चढला नव्हता. "न्हाई, नगं. तुमी काडा. चांगला येईल फोटो."

दादाने तिला माल्याला सोडलं. परत आल्यावर तो म्हणाला, वाटेत ती भाताच्या भावाबद्दल बोलली, दुसरं काही नाही.

घरात वहिनीने लगेच मोबाइलवर शोधाशोध सुरू केली. तयार ड्रेस मिळत होते, पण प्रत्येकाची छटा वेगळी होती. एक फारच हिरवा, एक राखाडी. "नाही जुळत," ती म्हणत राहिली. मी म्हटलं, आपण रंगच बदलू, घरात आहेत ते कपडे घालू. दादा म्हणाला, "आन शिवलेलं काय करायचं? मशीनला घालू?"

आण्णा बाहेर कट्ट्यावर बसले होते. आमच्या मागच्या खोल्यांमध्ये भाड्याने राहणारी कंपनीतली पोरं पाणी भरत होती आणि हिंदीत मोठ्याने बोलत होती. आई आण्णांसाठी चहा घेऊन गेली. मी दारातच होते, म्हणून ऐकलं.

"एवडं काय चुकलं माझं?" आण्णा म्हणाले.

"चुकलं असं न्हाई," आई म्हणाली. "मलाबी माझ्या बापानं खनच दिले. दर दिवाळीला. पेटीत हायेत अजून दोनचार."

"तेच म्हनतोय मी."

"माझा न माझ्या बापाचा एक फोटो न्हाई."

आण्णांनी चहा घेतला. आई कप घेऊन आत आली आणि भाकरीला बसली. पुढच्या गोष्टी आईच्या या बोलण्यामुळे झाल्या की ताईच्या, ते मला सांगता येणार नाही. आण्णांना विचारण्यात अर्थ नसतो. त्यांना स्वतःबद्दल काही विचारलं की ते पावसापाण्याचं बोलतात.

सोमवारी ते पौडला जाऊन आले. त्या कापडाचा दुसरा तागा मिळतो का ते बघायला गेले होते, एवढं आम्हाला कळलं. मिळाला नव्हता. दुकानदाराने बोलल्याप्रमाणे मागवलाच नव्हता. त्या दिवशी जेवताना कुणी फोटोचा विषय काढला नाही. मला वाटायला लागलं होतं, की आता फोटो रद्द होणार. मी फोटोवाल्या मुलीला पुढची तारीख विचारून ठेवली होती.

शुक्रवारी ऑफिसातून येताना मी चाचांकडून कपडे आणायला उतरले. चाचांनी पिशवी भरून दिली. मी उभ्या उभ्या बघितलं. दादाचा शर्ट, आईचं पोलकं, वहिनीचा ड्रेस, माझा ड्रेस. आणि आणखी एक ड्रेस.

"चाचा, हा कुणाचा?"

"थोरलीचा. तुमच्या वडिलांनी माप आणून दिलं ना, तिचा जुना ड्रेस."

"कापड कुठून आलं? तागा संपला होता."

"त्यांचा शर्ट बाकी होता शिवायचा, कापला नव्हता, म्हणून बरं. ते कापड आणि तो खण, दोन्ही जोडून बसवलं. बाह्या जरा आखूड झाल्यात. तिला सांगा, हात जास्त वर करू नकोस म्हणावं."

"आणि आण्णांचा शर्ट?"

"नाही ना. आता कशाचा शिवू?"

घरी आल्यावर मी पिशवी आईकडे दिली. ताईच्या जुन्या कपड्यांच्या गाठोड्यातून तो मापाचा ड्रेस तिनेच काढून दिला होता, हे तिने सांगितलं.  वहिनीने तो ड्रेस घेऊन त्याला नीट इस्त्री केली. बाह्यांची टीप उसवून तिने त्या बोटभर वाढवल्या.

शनिवारी आण्णा तो ड्रेस घेऊन माल्याला गेले. तिथे काय बोलणं झालं, ते ताईने मला पुढे सांगितलं. बोलणं झालंच नाही, असं ती म्हणते. ते ओसरीवर बसले, चहा प्यायले, तिच्या सासऱ्यांशी धरणाच्या पाण्याबद्दल बोलले. उठताना पिशवी तिच्याकडे दिली आणि म्हणाले, "बघ बसतोय का." तिने उघडून बघितलं तोवर ते रस्त्याला लागले होते.

रविवारी सकाळी आम्ही पाण्याकाठी जमलो. भाताची कापणी झाली होती, खाचरांमध्ये धसकटं होती आणि पाण्यावर अजून थोडं धुकं होतं. फोटोवाली मुलगी आमच्या आधी येऊन बसली होती. थोड्या वेळाने दाजींनी ताईला मोटरसायकलवरून आणून सोडलं. तिने वरून शाल घेतली होती. शाल काढल्यावर दादाच्या मुलीने आधी स्वतःच्या फ्रॉककडे आणि मग ताईकडे बघितलं आणि ओरडली, "आत्यापन शेवाळी!"

आण्णा तोवर मोटारीतच बसून होते, ते सगळ्यांत शेवटी उतरले. धुतलेला पांढरा शर्ट, पांढरं धोतर आणि टोपी. रोजच्यासारखे. ताईने त्यांच्याकडे बघितलं, मग आमच्या सगळ्यांकडे बघितलं. तिच्या तेव्हा लक्षात आलं.

"काका, तुमचं मॅचिंग कुठाय?" फोटोवाली म्हणाली.

"ऱ्हायलं."

"असं कसं राहिलं? सगळ्यांचं एका कापडातलं आहे. किती छान दिसतंय. तुमच्यामुळे तुटतंय ना."

वहिनी पुढे होऊन तिला काही सांगणार होती, पण आण्णांनी हात केला. "मला कडंला उभं करा. कडंचा मानूस कोन बघतंय."

"कडंला पावणं उभं ऱ्हात्यात," ताई म्हणाली.

"मंग आज मी पावणा."

"घरच्या मानसानं आपल्या शर्टाचं कापड देऊन पावणं व्हायचं असतं व्हय? तुमाला एवडं कळंना?" ती बोलत होती, पण तिचा हात आण्णांच्या कोपराला होता. तिने त्यांना मधल्या खुर्चीवर नेऊन बसवलं. "हितं बसा. आन हलू नका."

आई शेजारच्या खुर्चीवर बसली. तिने आण्णांकडे तिरकं बघितलं. "तुमीच जावई दिसताय."

"असू दे. बसलोय न्हवं."

फोटोवालीने मागे सरून बघितलं, पुढे येऊन बघितलं. मग म्हणाली, "चालेल. मध्ये पांढरं आहे, बाजूने सगळं हिरवं. मुद्दाम केल्यासारखं दिसेल." तिने आम्हाला हसायला सांगितलं. दादाला हसायला जमत नाही, तो दात दाखवतो. दादाच्या मुलीने झालर तोंडात धरली होती. मी आणि ताई मागे उभ्या होतो. ताईने दोन्ही हात खाली घट्ट धरले होते, कारण हात उचलला की बाही ताणायची. मला तिचा श्वास ऐकू येत होता. ती हसत नव्हती, आणि फोटोवालीने दोनदा सांगूनही हसली नाही. पण ती हलली नाही. सगळे फोटो संपेपर्यंत ती तिथून हलली नाही.

नंतर फोटोवालीने ताईचे आणि माझे वेगळे फोटो घेतले, आईबरोबर ताई, वहिनी आणि माझे घेतले, दादा-वहिनीचे घेतले. आण्णांना एकट्याने उभं राहायला सांगितलं, तर ते म्हणाले, "माझा एकट्याचा कशाला? आधार कार्डावर हाय की."

पुढे माझं लग्न झालं. तो फोटो आता तीन घरांत आहे. घोटावड्याला आहे, माझ्याकडे आहे आणि माल्याला ताईच्या ओसरीवर आहे, तिच्या सासऱ्यांच्या फोटोच्या ओळीत. मी मागच्या महिन्यात तिच्याकडे गेले होते. शेजारची एक बाई निवडायला सूप घेऊन आली होती. तिने फोटोकडे बघून विचारलं, "समद्यांनी सारकंच घातलंय, आन ह्ये मदी कोन? पावणं हायेत काय?"

"माझे वडील," ताई म्हणाली, आणि तांदूळ निवडायला लागली.